एक एफ, एक डब्ल्यू: प्रोबेशनवरच्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण

डिसेंबर 2023. कराडजवळच्या एका गावात निवृत्तीला टेकलेले गणिताचे एक शिक्षक अमेरिकेतल्या मुलाला फोनवर विचारतात, "निकालाचं काय झालं?" मुलगा सांगतो, "सगळे विषय सुटले, आबा." घरात गोडाचं होतं.

मुलगा खोटं बोलत नव्हता. तीन विषय होते, तिन्ही सुटले होते. एकात बी, एकात सी प्लस, एकात सी. त्याच आठवड्यात त्याला विद्यापीठाचा मेलही आला होता: तुम्हाला ॲकॅडमिक प्रोबेशनवर ठेवण्यात येत आहे. पाच महिन्यांनी, म्हणजे मे 2024 मध्ये, त्याला काढून टाकल्याचं पत्र आलं.

ज्या विभागात तो एमएस करत होता तिथे मी विद्यार्थी सल्लागार आहे. मिडवेस्टमधलं सरकारी विद्यापीठ, नाव सांगत नाही. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आकडे मात्र तसेच ठेवलेत, कारण हे सगळं प्रकरण आकड्यांतच अडकलेलं आहे.

मेकॅनिकलचा पोरगा

बीई मेकॅनिकल, फर्स्ट क्लास. एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, एक केटी लागली होती (विषय राहिला होता), ती पुढच्या खेपेला निघाली. घर तारण ठेवून कर्ज काढलं आणि एमएसला प्रवेश घेतला कॉम्प्युटर सायन्समध्ये. हे आता इतकं सर्रास झालंय की कुणी भुवईसुद्धा उंचावत नाही. मेकॅनिकलमध्ये तिकडे नोकऱ्या मिळत नाहीत म्हणतात, मग सगळे कॉम्प्युटरला. कॉम्प्युटरच्या पायाचं डिस्क्रीट मॅथ्स त्याने कधी शिकलं नव्हतं. डेटा स्ट्रक्चर्स यूट्यूबवर पाहिलं होतं. आमच्या विभागाने हे प्रवेशाच्या वेळी पाहिलं, फाइलवर 'पूर्वतयारी कमी' असा शेरा मारला आणि प्रवेश दिला. आधी हे दोन विषय कर, मग एमएसचे घे, अशी अट घालता आली असती. घातली नाही. फी मात्र पूर्ण घेतली. मी याच विद्यापीठाचा पगार घेते, तरी हे लिहायलाच हवं.

पहिल्या सत्रात त्याने ऑपरेटिंग सिस्टिम्स, मशीन लर्निंग आणि डेटा सायन्सचा एक ओळखीचा विषय घेतला. ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या मिडटर्मला 100 पैकी 46. वर्गाची सरासरी होती 74. नंतर त्याने मला सांगितलं, "46 बघून मला हायसं वाटलं, मॅडम. चाळीसच्या वर होतो ना."

त्याचं सगळं शिक्षण चाळीसच्या रेषेवर झालेलं. रेषेच्या वर असलो की सुटलो, खाली गेलो तर केटी, आणि केटी म्हणजे काही मरण नव्हे. एटीकेटीचं पूर्ण रूपच 'अलाउड टू कीप टर्म्स', म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बस. ही सवलत मला वाईट वाटत नाही. खेड्यातून आलेल्या कितीतरी मुलांना तिने तारलंय, माझ्या भावालाही. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: राहिलेला विषय पुन्हा देऊन काढला की मागचं पुसलं जातं. मार्कशीटवर शेवटी फर्स्ट क्लास असला की एम-थ्री किती खेपांत काढला हे कोण विचारतं?

इथे पुसलं जात नाही. इथे प्रत्येक विषयाची श्रेणी सरासरीत जाऊन बसते. ए म्हणजे 4, बी म्हणजे 3, सी म्हणजे 2, एफ म्हणजे शून्य; प्लस असला की 0.3 जास्त, मायनस असला की 0.3 कमी. पदवीपूर्व मुलांना बहुतेक विद्यापीठांत 2.0 ची सरासरी राखावी लागते, एमएसवाल्यांना 3.0 ची. म्हणजे एमएसला सी मिळाला तर विषय सुटतो, पण मुलगा बुडायला लागतो. त्याची पहिल्या सत्राची बेरीज: 3.0, 2.3, 2.0. एकूण 7.3, भागिले तीन, 2.43.

दुसरी गोष्ट पीएलची. परीक्षेआधी अभ्यासाला मिळणारी सुट्टी, तीन आठवडे, कधी महिना. आपल्याकडचं इंजिनिअरिंग खरं तर पीएलमध्येच होतं. वर्षभर सबमिशनं उरकायची आणि पीएलमध्ये खोलीचं दार लावून घ्यायचं. पोरगा आळशी नव्हता, पीएलमध्ये चौदा-चौदा तास बसायचा. तो नोव्हेंबरात पीएलची वाट पाहत होता. इथे शेवटचा तास शुक्रवारी झाला आणि सोमवारी परीक्षा सुरू. तोवर निम्म्याहून जास्त गुण गृहपाठ, मिडटर्म आणि प्रोजेक्टमध्ये वाटून संपलेले होते.

बारा मिनिटं

प्रोबेशनच्या मेलचा त्याने काय अर्थ लावला, ते मला फार उशिरा कळलं. मेल आल्यावर त्याने आबांना एवढंच विचारलं होतं, "प्रोबेशन म्हणजे काय असतं हो?" आबांनी आपल्या अनुभवाने सांगितलं. खासगी शाळेत लागले तेव्हा तेही दोन वर्षं प्रोबेशनवरच होते. 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यात तसंच आहे. दोन वर्षं नीट काढली की माणूस कायम होतो. मराठी घरात प्रोबेशन ही कायम होण्याआधीची पायरी असते. नोकरी लागल्याची खूणच म्हणा ना. मुलाला वाटलं, परदेशी विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी असंच ठेवत असतील.

जानेवारीत प्रोबेशनवरच्या मुलांची यादी माझ्याकडे आली. 43 नावं. सगळ्यांना एकच मेल, सगळ्यांना पंधरा मिनिटांची वेळ. तो आला, खुर्चीच्या टोकावर बसला. मी नियम सांगितले: सत्राअखेर एकूण सरासरी 3.0 झाली नाही तर काढून टाकलं जाऊ शकतं. कागदावर सही घेतली. मराठीत विचारलं, "समजलं ना?" तो म्हणाला, "हो मॅडम." बारा मिनिटांत उठला.

'समजलं ना' या प्रश्नाला आपल्याकडे 'नाही' असं उत्तर नसतं, हे मला पुण्यात वाढूनही त्या दिवशी आठवलं नाही. तो नियम त्याच्या आकड्यांत बसवून दाखवायला हवा होता. सहा विषयांवर 3.0 यायला बेरीज 18 लागते, त्याच्याकडे 7.3 आहेत, म्हणजे या सत्रात 10.7 पाहिजेत. एक ए, एक ए मायनस आणि एक बी. त्यापेक्षा तसूभर कमी चालणार नाही. हे त्याच्या हाताने लिहून घेतलं असतं, तर अल्गोरिदम्ससारखा विषय त्याने त्या सत्रात घेतला असता का? माझ्या मते नाही.

घेतला मात्र. जोडीला डेटाबेस आणि नेटवर्क्स.

मार्चमधला शुक्रवार

फेब्रुवारीत अल्गोरिदम्सच्या मिडटर्मला 38 पडले. या खेपेला चाळीसच्याही खाली. दोन गृहपाठ दिलेच नाहीत. दुसऱ्याचं उतरवून काढणं त्याला जमलं असतं, बरोबरची एक-दोन मुलं तेच करत होती. त्याने तसं केलं नाही, एवढं त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते. आठवड्याला वीस तास तो कॅम्पसच्या भोजनगृहात भांडी लावायचा; परदेशी विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना तेवढीच मुभा असते. रात्री झोप लागेना. स्प्रिंग ब्रेकनंतर तो अल्गोरिदम्सच्या तासाला गेलाच नाही.

मार्चअखेरच्या एका शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत विषय सोडता येत होता. मुदतीत सोडला की गुणपत्रकावर डब्ल्यू उमटतो. डब्ल्यूला गुण नाहीत, सरासरीत तो धरत नाहीत. फी परत मिळत नाही, एवढंच.

त्या दुपारी साडेतीनला तो लॅपटॉप उघडून बसला होता. विषयापुढच्या बटणावर गेला, तेव्हा पडद्यावर सूचना आली: परदेशी विद्यार्थ्यांनी विषय सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी संपर्क साधावा. त्याने खोलीतल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "डब्ल्यू लागला की स्टेटस जातं. माझ्या मित्राचा मित्र परत गेला." त्याने लॅपटॉप मिटला आणि सहाच्या पाळीला कामावर गेला.

मित्राच्या मित्राची गोष्ट अर्धी खरी असते, तशी हीही होती. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ शिकावं लागतं. आमच्याकडे एमएसला ते 9 क्रेडिट, म्हणजे तीन विषय. परवानगीविना दोनावर आलात तर खरंच स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून देशात राहायचा हक्क, जातं. पण आंतरराष्ट्रीय कार्यालयातला अधिकारी आधी परवानगी देऊ शकतो. नियमांत त्याची कारणं दिलेली आहेत. शैक्षणिक अडचणीत एक कारण असं की विद्यार्थ्याला चुकीच्या पातळीच्या विषयात घातलं गेलं. डिस्क्रीट मॅथ्स न शिकलेल्या मुलाला पदव्युत्तर अल्गोरिदम्समध्ये बसवणं, याहून चुकीची पातळी ती कोणती? किमान 6 क्रेडिट ठेवावे लागतात, पुढच्या सत्रात पुन्हा पूर्णवेळ व्हावं लागतं, आणि या कारणाने ही सवलत त्या पदवीसाठी एकदाच मिळते. त्याने ती वापरलेली नव्हती. आजारपणाची वाट वेगळी, तिला डॉक्टरांचं पत्र लागतं. न झोपलेल्या मुलाला तीही कदाचित मिळाली असती.

आंतरराष्ट्रीय कार्यालय भोजनगृहापासून चालत चार मिनिटांवर आहे.

मे महिन्यात निकाल आला: डेटाबेसमध्ये बी प्लस, नेटवर्क्समध्ये बी मायनस, अल्गोरिदम्समध्ये एफ. सत्राची सरासरी बरोबर 2.0. एकूण 2.22.

आबांचा फोन

पत्र आल्यावर चार दिवस त्याने घरी काही सांगितलं नाही. पण कर्जाचा पुढचा हप्ता सोडायला बँकेने गुणपत्रक मागितलं आणि आबांनी ते पाहिलं. एफ म्हणजे काय हे गणिताच्या शिक्षकाला कुणी सांगावं लागत नाही. मुलगा फोन उचलेना. त्यांनी विभागाच्या संकेतस्थळावर मराठी आडनाव शोधलं आणि मला फोन केला. इथे सकाळचे साडेनऊ, तिकडे रात्रीचे आठ.

"ताई, मी त्याचा बाप बोलतोय. तो बरा आहे का, तेवढं सांगा."

मला तेवढंही सांगता येत नव्हतं. 1974 चा एक कायदा आहे, फेर्पा. विद्यार्थी महाविद्यालयात गेला की त्याच्या नोंदींवरचा हक्क आईवडिलांकडून त्याच्याकडे जातो. त्याच्या लेखी संमतीशिवाय मी त्याचे गुण, हजेरी, पत्रव्यवहार, काहीच उघड करू शकत नाही. फी बापाने भरली का आजोबांनी, याने फरक पडत नाही. मी म्हटलं, "सर, मी आत्ता उठून त्याला भेटायला जाते. त्याला तुम्हाला फोन करायला सांगते. याहून जास्त मला बोलता येत नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शिकवणारा माणूस आहे मी. पालकाला सांगायचं नाही, अशी शाळा असते का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायदा मला पटतो, अठरा वर्षांचं माणूस म्हणजे सज्ञान माणूस. पण त्या फोनवर तो पटवून देता आला नाही.

तो खोलीवर होता. मी सरळ विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का. असं स्पष्ट विचारायला आपल्याकडे लोक कचरतात. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो असं वाटतं. तसं होत नाही. तो म्हणाला, "नाही मॅडम. फक्त झोपावंसं वाटतं." त्याच दुपारी त्याला समुपदेशकाकडे नेऊन बसवलं. संध्याकाळी त्याने संमतीपत्रावर सही केली आणि आम्ही तिघं फोनवर बोललो. आबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "डिसेंबरात सांगितलं असतंस तर आपण दोघं बसून बेरीज केली असती की रे."

अर्ज आणि समिती

अपिलाला दहा दिवस होते. त्याचा पहिला मसुदा मी जपून ठेवला आहे. इंग्रजीत लिहिलेला, पण आतून संपूर्ण मराठी अर्ज. वडिलांचं वय, तारण ठेवलेलं घर, लहानपणापासूनचं स्वप्न, आणि शेवटी 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' याचं भाषांतर. तो वाचून आपल्याकडचा एखादा प्राचार्य विरघळला असता. इथली समिती तीन गोष्टी शोधते: नेमकं काय घडलं, आता काय बदललं आहे, आणि पुढच्या सत्रात तू कोणते विषय घेऊन कोणत्या श्रेणीने 3.0 वर येणार. प्रत्येकाला पुरावा लागतो. घराच्या तारणाबद्दल त्यांना वाईट वाटतं, पण त्या रकान्यात ते काही लिहू शकत नाहीत.

दुसरा मसुदा चांगला झाला. 46 पाहून हायसं वाटल्याची गोष्ट त्याने स्वतःहून घातली. समुपदेशकाचं पत्र जोडलं, भोजनगृहाचे तास निम्मे करायचं लिहिलं. आणि बेरजेपाशी तो अडकला.

पदवीला दहा विषय लागतात. पाच सुटले होते, पाच राहिले होते. आमच्याकडे पदव्युत्तर पातळीला एफ झालेला विषय पुन्हा घेतला तरी जुना एफ सरासरीत तसाच राहतो. म्हणजे शेवटी मोजले जाणार अकरा विषय, बेरीज लागणार 33. त्याच्याकडे 13.3. उरलेल्या पाचांत 19.7 हवेत: चार ए आणि एक ए मायनस. आजवर त्याला एकही ए मिळालेला नव्हता.

आता त्या शुक्रवारी बटण दाबलं असतं तर? एफच्या जागी डब्ल्यू. पाच विषय, तेच 13.3, सरासरी 2.66. तेव्हाही 3.0 च्या खालीच, काढण्याचं पत्र तेव्हाही आलं असतं. पण मोजायचे दहाच विषय, लागणारी बेरीज 30. उरलेल्या पाचांत 16.7. चार बी प्लस आणि एक ए मायनस केला की काम झालं. बी प्लस त्याने डेटाबेसमध्ये मिळवलेलाच होता. असं अपील मी समितीत मंजूर होताना अनेकदा पाहिलं आहे.

बैठकीला मी होते, मला मतदानाचा हक्क नव्हता. चर्चा वीस मिनिटं चालली. एका प्राध्यापकाने विचारलं, चार ए कुठून येणार? दुसऱ्या बाईंनी प्रवेशाच्या फाइलवरचा 'पूर्वतयारी कमी' हा शेरा वाचून दाखवला आणि म्हणाल्या, चूक आपलीही आहे. सगळ्यांनी मान डोलावली. मागच्या तारखेने डब्ल्यू देता येईल का, हाही विषय निघाला. पण विषय कमी करायची आंतरराष्ट्रीय कार्यालयाची परवानगी आधीच घ्यावी लागते, मागून मिळत नाही, म्हणजे तसा डब्ल्यू दिला तर व्हिसाचं नवंच लचांड उभं राहिलं असतं. अपील फेटाळलं गेलं. नियमाला धरून निर्णय बरोबर होता. दुसऱ्या बाईंचं म्हणणं इतिवृत्तात आलं नाही, हे मला अजून खटकतं.

पंधरा दिवस

इथून पुढचं घड्याळ वेगळं. विद्यार्थ्याचं स्टेटस गेलं की विद्यापीठाला सरकारच्या सेविस या नोंदप्रणालीत 21 दिवसांच्या आत ते कळवावं लागतं. त्याआधी दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळवला तर नोंद तिकडे वळवता येते. एका महागड्या खासगी कॉलेजने तीन दिवसांत पत्र देऊ केलं. इतक्या तत्परतेनेच मला शंका आली. आबांनी फोनवर एकच विचारलं, "तिथे अल्गोरिदम्स नाही का?" होतं.

त्यांनी परत यायचं ठरवलं. मग उरला एक बारीक, पण पुढे जन्मभर नडू शकणारा मुद्दा: सेविसमध्ये कारण काय लिहिलं जाणार. विद्यापीठाने काढलं किंवा स्टेटस राखलं नाही अशी नोंद झाली, तर देश सोडायला एक दिवसही मिळत नाही आणि पुढच्या व्हिसाच्या मुलाखतीत त्यावरूनच सुरुवात होते. विद्यार्थ्याने आधी जाऊन रीतसर परवानगीने शिक्षण थांबवलं, तर तशी नोंद होते आणि निघायला 15 दिवस मिळतात. या खेपेला तो ती चार मिनिटं चालून गेला. मी सोबत होते. अधिकाऱ्याने अर्ज मान्य केला.

पंधरा दिवसांत त्याने खोलीचा करार दुसऱ्या मुलाला दिला, बँकेचं खातं बंद केलं, सायकल विकली, आणि प्रेशर कुकर माझ्याकडे आणून ठेवला. जूनमध्ये गेला.

या जानेवारीच्या यादीत 39 नावं होती. आता मी टेबलावर कोरा कागद आणि पेन ठेवते आणि 'समजलं ना' विचारत नाही. लागणारी बेरीज मूल स्वतः लिहीपर्यंत गप्प बसते. कुणाला पाच मिनिटं लागतात, कुणाला पंचवीस. डब्ल्यूची शेवटची तारीख त्याच कागदाच्या डोक्यावर लाल पेनाने लिहायला लावते.

तो सध्या चाकणला एका सुट्या भागांच्या कारखान्यात डिझाइनला आहे. मेकॅनिकलच. कर्जाचा हप्ता सुरू झालाय, अर्धा तो भरतो, अर्धा आबांच्या पेन्शनीतून जातो. मध्यंतरी त्याचा मेल आला: इथले क्रेडिट दुसरीकडे कुठे चालतील का? मी कळवलं की बहुतेक ठिकाणी बी किंवा त्यावरचेच धरतात, तेही मोजके. तासाभरात उत्तर आलं. "म्हणजे बी आणि बी प्लस. दोन विषय, सहा क्रेडिट. कुकर वापरा मॅडम, शिट्टी नवीन घातली होती."